खड्डा जप्त करता येत नाही

प्रति,
मा. अध्यक्ष,
राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण,
मुंबई.

महोदय,



आपली माझी ओळख असण्याचं कारण नाही. पण आमच्या नदीतला रेतीघाट लिलावात जायचा तर आधी आपल्या प्राधिकरणाची परवानगी लागते, म्हणून हे पत्र आपल्याला. मोहाडी तालुक्यातल्या वैनगंगेकाठच्या एका गावात मी राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, निवृत्त झालो, आता धान करतो. गावात अजून सगळे गुरुजीच म्हणतात. आणि गुरुजी म्हटलं की दोन कामं न मागता अंगावर येतात: लग्नाच्या पत्रिकेतलं शुद्धलेखन तपासणं आणि पंचनाम्यावर पंच म्हणून सही करणं. हे पत्र त्या दुसऱ्या कामातून निघालं आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च महिना होता. रात्री अकराच्या सुमाराला दारावर थाप पडली. महसूलच्या पथकानं नदीतून वर येणारा एक ट्रॅक्टर धरला होता. चालक अंधारात पळाला होता आणि पंच म्हणून सही द्यायला कोणी तयार नव्हतं. मी स्वेटर चढवून गेलो. पथकात एक तरुण अधिकारी, एक पटवारी आणि एक कोतवाल. सरकारनं पटवाऱ्याला आता ग्राम महसूल अधिकारी केलं आहे आणि कोतवालाला महसूल सेवक, पण तेव्हा जुनीच नावं होती. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून, मोबाइलच्या उजेडात पंचनामा लिहिला जात होता. ट्रॅक्टरचा क्रमांक. ट्रॉलीचा क्रमांक. रेती अंदाजे एक ब्रास. वाहतूक परवाना नाही. चालक फरार. पंचांच्या सह्या.

सही करण्याआधी मी वीस पावलं खाली उतरून पाहिलं. ट्रॉली जिथं भरली होती तिथं खड्डा होता. माणूस आत उभा राहिला तर वर केलेला हातच दिसावा इतका खोल. तळाला पाणी पाझरायला लागलं होतं आणि एका कडेची रेती थोडी थोडी आत ढासळत होती. शाळेत मैदान आखून आखून सवय झालेली, तसा मी तो पावलांनी मोजला: पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद, सात फूट खोल. वर येऊन विचारलं, "साहेब, खड्ड्याचं काय?"

ते अधिकारी काही उर्मट बोलले नाहीत. तीन रात्री झोप नसलेल्या माणसासारखे हसले आणि म्हणाले, "गुरुजी, ट्रॅक्टर जप्त करता येतो. खड्डा जप्त करता येत नाही."

मी सही केली. घरी येऊन हिशेब मांडला. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. पंधरा गुणिले बारा गुणिले सात, म्हणजे बाराशे साठ घनफूट. साडेबारा ब्रासच्या वर. पंचनाम्यात एक ब्रास होती. बाकीच्या साडेअकरा ब्रासचा कुठंच उल्लेख नव्हता, आणि त्या रात्री नदीचं काय झालं याचा तर नव्हताच.

आपल्याला मी जे सांगू पाहतो आहे ते एवढंच आहे. पर्यावरणाचा कायदा मुंबईहून निघतो तेव्हा नदीचा असतो. आमच्या घाटावर पोचेपर्यंत तो वसुलीचा होतो. इथं चोरी मोजतात ती ब्रासमध्ये आणि रुपयांत. नदीचं पात्र किती फूट खाली गेलं, हे मोजणं कोणाच्याच कामात नाही.

आता दुसरी वस्तू दाखवतो. नदीवर आमचा एक जुना पंप बसवलेला आहे. वडिलांच्या वेळचा. पाइपाच्या टोकाला पाण्यात जो व्हॉल्व्ह असतो, त्याला पुस्तकात काही म्हणोत, आम्ही सगळे 'फुटबॉल' म्हणतो. वडिलांनी बसवला तेव्हा काठापासून वीस फुटांच्या एका पाइपात फुटबॉल पाण्यात बुडायचा, उन्हाळ्यातसुद्धा. त्याला मी पहिला तुकडा जोडला तो पाच फुटांचा. मग सहा फुटांचा. मग आणखी चार. हे तीन तुकडे तीन वेगवेगळ्या रंगांचे आहेत, कारण ते वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या दुकानांतून आणले. उन्हाळ्यात काठावर उभं राहिलं की ते ओळीनं दिसतात. नदीचा माझ्याकडे असलेला एकमेव अहवाल हाच.

पंपाच्या बाजूला एक म्हातारा ढिवर मासेमारीचा डोंगा बांधून ठेवायचा. आता डोंगा वर्षातले आठ महिने उलटाच पडलेला असतो. मी एकदा त्याच्याशी पाणी आटल्याबद्दल बोलायला लागलो, तर त्यानं माझीच चूक दुरुस्त केली. "पानी कमी नाही झाला गुरुजी," तो म्हणाला, "नदीच खाली गेली."

त्याच्या वाक्यात जे आहे ते शास्त्रात बसतं. रेती ही नदीची नुसती गादी नसते, ती टाकीही असते. कणाकणांमध्ये पोकळी असते आणि तिच्यात पाणी साठतं. एक ब्रास म्हणजे जवळपास २,८०० लिटर जागा. तिच्यातला चौथा ते तिसरा हिस्सा पाण्यानं भरू शकतो. म्हणजे रात्री पळून गेलेल्या प्रत्येक ट्रॉलीबरोबर सातशे ते नऊशे लिटरची एक टाकी कायमची जाते. काठावरच्या विहिरींचं पाणी या टाकीच्या पातळीला बांधलेलं असतं. पात्र खाली गेलं की विहीर मागोमाग खाली जाते, मग तिच्या मालकानं रेतीचा एक कण विकलेला असो वा नसो.

आणि खड्डा जिथं खणला तिथंच राहत नाही. पाणी वाहायला लागलं की खड्ड्याची वरची कड ढासळते आणि ती ढासळण वरच्या अंगाला सरकत जाते. खाली, ज्या पाण्यानं आपली रेती त्या खड्ड्यात टाकली, ते रिकाम्या हातानं पुढं जातं आणि काठ पोखरायला लागतं. म्हणून ज्या गावात घाटच नाही त्या गावाचीही दरड कोसळते. कागदावर घाटाला गट क्रमांक असतो, चतुःसीमा असते. खड्ड्याला चतुःसीमा कळत नाही.

मी हेही कबूल करतो की माझ्या पाइपाचे तीन तुकडे निव्वळ रेतीनं खाल्ले असं मला सिद्ध करता येणार नाही. वर सिवनी जिल्ह्यात वैनगंगेवर संजय सरोवर आहे. बावनथडीवर धरण आहे. आमच्या तालुक्यातून जी सूर नदी वाहते, तिला रामटेकजवळ इंग्रजांच्या काळातच खिंडसीचा बांध पडला. धरण पाणी सोडतं, रेती अडवून ठेवतं. शिवाय काठाकाठानं आमचेच पंप वाढले. उन्हाळी धान आम्हीच लावायला लागलो. कोणाचा वाटा किती, ते मोजल्याशिवाय कळायचं नाही. पण माझा मुद्दाच तो आहे. वरून रेती येणं कमी झालेलं असेल, तर खालून किती काढायची हा प्रश्न अधिक कडक व्हायला हवा. खात्यात पैसे किती जमा होतात हे न पाहता किती काढायचे हे ठरवणाऱ्या माणसाला आपण हिशेबी म्हणत नाही.

कायद्याला हे कळत नाही असं नाही. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार खाणीला आधी पर्यावरण परवानगी लागते. पाच हेक्टरांखालचे घाट त्यातून निसटत होते. घाटाचे तुकडे पाडले की काम भागायचं. २७ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं दीपक कुमार खटल्यात ती पळवाट बंद केली: पट्टा कितीही लहान असो, परवानगी लागेलच. २०१६ मध्ये केंद्रानं लहान घाटांचे अधिकार जिल्ह्याच्या पातळीवर दिले आणि प्रत्येक जिल्ह्यानं आपल्या नद्यांचा सर्वेक्षण अहवाल करावा असं ठरवलं. २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं जिल्ह्याच्या त्या व्यवस्थेवर बोट ठेवलं आणि लहान घाटांची तपासणी पुन्हा राज्याच्या, म्हणजे आपल्या, टेबलावर आली. २०२० मध्ये अंमलबजावणी आणि देखरेखीसाठी केंद्राची वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आली. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये, जम्मू-काश्मीरमधल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नदीत दरवर्षी नवी रेती किती येते याचा अभ्यास नसलेला जिल्हा सर्वेक्षण अहवाल परवानगीचा आधार होऊ शकत नाही.

म्हणजे माझ्या ढिवर मित्रानं उलट्या डोंग्यावर बसून जे सांगितलं, ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयानंही सांगून झालं आहे. मग अडतं कुठं?

मला वाटतं, एका शब्दात अडतं. राज्याच्या २०२५ च्या धोरणाचं नाव 'वाळू-रेती निर्गती धोरण' आहे. निर्गती हा कचेरीतला शब्द. प्रकरण निर्गत करतात, साठा निर्गत करतात. जे हातात पडलेलं आहे ते वाटेला लावायचं, म्हणजे निर्गती. ते धोरण महसूल विभागाचं आहे. त्याच्या आधीची धोरणंही त्याच विभागाची. २०१८, २०१९, २०२२, २०२३, आणि मग २०२५. कधी लिलाव, कधी सरकारी डेपोतून सहाशे रुपये ब्रास, मग डेपो बंद आणि पुन्हा लिलाव. घरकुलासाठी पाच ब्रासपर्यंत रेती मोफत देण्याची तरतूद चांगली आहे, ती कोणी काढू नये. पण या साऱ्या वर्षांत बदलत गेला तो रेतीचा भाव, विकण्याची पद्धत आणि पास काढण्याचं पोर्टल. पात्र दरवर्षी मोजून गावाला सांगा, असं म्हणणारं धोरण आमच्या गावापर्यंत अजून आलेलं नाही.

यात कुठल्या एका अधिकाऱ्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. महसूल यंत्रणेला गौण खनिजाच्या वसुलीचं वार्षिक उद्दिष्ट दिलेलं असतं. मार्च जवळ आला की तालुक्यातालुक्यातून आकडे मागवले जातात. तीच यंत्रणा घाट विकते, तीच त्याची राखण करते, तीच चोर धरते आणि दंडही तीच वसूल करते. रात्री जीव धोक्यात घालून नदीत उतरणाऱ्या तरुण अधिकाऱ्याला वरून विचारणा होते ती एकच: दंड किती बसवला? त्यानं पंचनाम्यात खड्डा लिहिला असता तर त्याचं उद्दिष्ट एक रुपयानं वाढलं नसतं. कोर्टात उलटतपासणीचा एक प्रश्न मात्र वाढला असता. मग त्यानं तो का लिहावा?

जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ नुसार चोरलेल्या खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. वाहन सोडवायला ट्रॅक्टरला एक लाख, डंपरला दोन लाख. गावात हा आकडा पोराटोरांना पाठ आहे. आणि ज्याच्या धंद्यात टिप्पर रात्रीतून चार खेपा मारतो, त्यानं तो केव्हाच खर्चाच्या बाजूला लिहून ठेवला आहे. वाटेवर अधिकाऱ्याच्या गाडीचं 'लोकेशन' देणारी पोरंही त्याच बाजूला आहेत. मारला जातो तो एकाच ट्रॅक्टरचा मालक, ज्याचा हप्ता बँकेत थकलेला असतो. दंड फक्त पकडलेल्या मालावरच मोजला जात असेल, तर ती शिक्षा राहत नाही. ती उशिरा भरलेली रॉयल्टी होते.

हे मी माझ्या मनाचं बोलत नाही. ११ नोव्हेंबर २०२१ ला राजस्थानच्या बजरी, म्हणजे रेतीच्या, प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की बेकायदा रेती उपशाची भरपाई निव्वळ काढलेल्या रेतीच्या किमतीपुरती असू शकत नाही; पर्यावरण पूर्ववत करण्याचा खर्च आणि निसर्गाच्या ज्या सेवा बुडाल्या त्यांचं मोलही तिच्यात धरलं पाहिजे. त्याच निकालानं आणखी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली: कायदेशीर उपसा सरसकट बंद केला की चोरटा उपसा फोफावतो. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. लिलाव रखडलेल्या वर्षी नदीत जास्त रहदारी असते.

पण पूर्ववत करण्याचा खर्च काढायचा तर आधी काय बिघडलं ते लिहिलेलं असावं लागतं. खड्डा पंचनाम्यात नसेल तर तो निकाल आमच्या तालुक्यात उतरणार कसा? मोठ्या प्रकरणांत ईटीएस यंत्रानं मोजणी होते, हे मला ठाऊक आहे. यंत्र आहे, माणसं आहेत. मात्र ती येईपर्यंत पाऊस येतो, आणि या गुन्ह्याचा पुरावा पहिल्या पुरात बुजतो. खुनाची जागा दरवर्षी जूनमध्ये धुऊन निघत असती तर पोलिसांनी मे महिन्यातच पंचनामे उरकले असते.

आता आपल्या कागदाबद्दल. आपल्या परवानगीत अटी असतात. सूर्यास्तानंतर उपसा नाही. पाणी लागलं की थांबायचं. पुलापासून अंतर ठेवायचं. पावसाळ्यात, म्हणजे १० जून ते ३० सप्टेंबर, नदी बंद. या अटी कोणीतरी विचार करून लिहिल्या आहेत. पुलाच्या अटीचंच घ्या. ४ मार्च २००१ ला पोर्तुगालमध्ये दोरू नदीवरचा शंभर वर्षांहून जुना पूल कोसळला, बस आणि मोटारी नदीत गेल्या, ५९ माणसं मेली. वर्षानुवर्षं रेती काढल्यानं खांबाच्या पायाखालचं पात्रच निघून गेलं होतं. आमच्याकडे तुमसरजवळ माडगीला मुंबई-हावडा रेल्वेमार्ग वैनगंगा ओलांडतो. मोहाडी तालुका तर नदीनं मधोमध चिरलेला, करडी-पालोऱ्याकडच्या माणसाला तहसीलला यायचं तर पूल ओलांडूनच यावं लागतं. अटीचं मोल आम्हाला शिकवायला नको.

पण त्या अटी आम्हाला कोणी दाखवाव्यात तर! आमच्या घाटावर एक फलक होता. त्यावर क्षेत्र होतं, मंजूर ब्रास होती, मुदत होती. पर्यावरणाच्या अटींचं नाव नव्हतं. मी त्या अटींची प्रत मिळवायला एका कार्यालयात गेलो तर दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं सांगितलं की संकेतस्थळावर पहा. भाच्यानं मोबाइलवर शोधून काढली. पानांमागून पानं, सगळी इंग्रजीत. ज्या नदीकाठच्या शाळेत मी चाळीस वर्षांच्या आसपास मराठी शिकवली, त्या नदीच्या परवानगीचा एकही शब्द मराठीत नव्हता. घाटाचा ठेकेदार ती वाचत नाही, पोकलेन चालवणारा वाचत नाही, पटवाऱ्याला ती मिळालेलीच नसते. मग अट मोडली हे कोण म्हणणार, आणि कशाच्या जोरावर?

त्या कागदांतच मला एक गोष्ट सापडली, जी आमच्या पंचक्रोशीत कोणाला माहीत नव्हती. अधिसूचनेप्रमाणे परवानगी घेणाऱ्यानं दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटी पाळल्याचा अहवाल द्यायचा असतो आणि तो अहवाल सार्वजनिक असतो. मागेल त्याला प्रत द्यायची असते. महोदय, इतक्या वर्षांत त्या अहवालाचं एक पान आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कोणी चिकटवलेलं मी पाहिलं नाही.

कायद्यानं आम्हालाही हत्यार दिलं आहे असं म्हणतात. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊन साधा नागरिक तक्रार घेऊन कोर्टात जाऊ शकतो. साठ दिवस! एका पोकलेनला साठ रात्री मिळाल्या तर नोटीस कशाबद्दल होती हेच सांगता येणार नाही. हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ पुण्याला. मोहाडीहून पुणं सातशे किलोमीटरच्याही पलीकडे. आणि एप्रिल २०२४ पासून या कायद्यातली उल्लंघनाबद्दलची कैद जाऊन दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आला. म्हणजे इथंही पुन्हा रुपयेच. दंडाला माझा विरोध नाही. नुसता दंड मोजणाऱ्या व्यवस्थेला नदी दिसत नाही, एवढंच माझं म्हणणं.

आमच्याही पदरात काही आहे, ते लपवून हे पत्र खरं होणार नाही. माझ्या घराच्या भिंतीत याच नदीची रेती आहे, आणि ती आणणाऱ्याला मी पास मागितला नव्हता. रात्री ट्रॅक्टर चालवणाऱ्यांतली तीन पोरं माझ्याच वर्गात होती. त्यांच्याकडे धान एकदाच होतो, बाकीचे महिने काय करायचं हे मी त्यांना शिकवलं नव्हतं. लिलावातून ग्रामपंचायतीला वाटा मिळतो तेव्हा गावात रस्ता होतो आणि आम्ही टाळ्या वाजवतो. जगात दरवर्षी सुमारे ५० अब्ज टन रेती आणि खडी वापरली जाते असं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०२२ मध्ये म्हटलं. पाण्याखालोखाल माणूस हीच वस्तू सर्वाधिक वापरतो. नागपूरच्या इमारती थांबणार नाहीत आणि आमच्या घरकुलांनीही थांबू नये. रेती काढू नका, असं म्हणणारा माणूस मी नाही. किती काढली आणि किती उरली, हे सांगा म्हणणारा आहे.

१९९६ मध्ये ब्यास नदीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सरकारला नदीचा विश्वस्त म्हटलं. विश्वस्ताची पहिली जबाबदारी आमच्याकडे देवस्थानाच्या पंचालाही ठाऊक असते. मोहाडीच्या चौंडेश्वरीच्या जत्रेत जमलेल्या पैशाचा हिशेब कोणी दिला नाही तर गाव गप्प बसेल का? नदीचा हिशेब मात्र आम्ही कधी मागितला नाही आणि आपणही कधी दिला नाही.

तेव्हा मागणं चारच.

पहिलं. ज्या गावाच्या शिवारात घाट आहे त्या गावाच्या काठावर सिमेंटची एक पक्की खूण बसवा, पुरात न हलणारी. तिच्यापासून पात्र किती खाली आहे हे वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, ठरलेल्या चार-पाच जागी मोजा. आमच्या ग्रामसभा १ मे आणि २ ऑक्टोबरला होतातच. एका सभेत पावसाआधीचा आकडा वाचून दाखवा, दुसऱ्या सभेत पावसानंतरचा. नदीनं यंदा किती रेती आणली हे मग शाळेतलं पोरही वजाबाकी करून सांगेल. २०२५ च्या ऑगस्टमधल्या निकालानं जो अभ्यास मागितला आहे, त्याचा पायाच हा आहे.

दुसरं. पंचनाम्याच्या नमुन्यात खड्ड्याचा एक रकाना घाला: लांबी, रुंदी, खोली, पाणी लागलं की नाही, काठापासून आणि पुलापासून अंतर. मोबाइलवर फोटोसह पाच मिनिटांचं काम आहे. तो रकाना भरलेला असेल तर पूर्ववत करण्याचा खर्च दंडात धरता येईल, आणि एक ब्रास धरल्यावर साडेबारा ब्रासचा जाब विचारता येईल. हा नमुना आपल्या अधिकारात नसेल तर परवानगीची अट म्हणून तो जिल्ह्याकडून मागणं तरी आपल्या हातात आहे.

तिसरं. परवानगीच्या अटी मराठीत, मोठ्या अक्षरात, घाटाच्या फलकावर आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. १ जून आणि १ डिसेंबरचा अहवाल त्याच भिंतीवर. अट वाचलेला गावकरी हा फुकटचा निरीक्षक असतो. त्याला पगार लागत नाही, फक्त कागद लागतो.

चौथं. ज्या घाटाचा असा मोजलेला हिशेब नाही, त्याच्या पुढच्या परवानगीवर सही करू नका. आपली सही हे आपलं एकमेव हत्यार आहे. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचं प्रादेशिक कार्यालय नागपुरात आहे, आमच्यापासून दोन तासांवर. एकदा त्यांच्याबरोबर आपणही या. एप्रिलमध्ये या, म्हणजे पात्र दिसेल. माझ्या पंपाशी उभं राहून पाहिलंत तर आपल्या फायलीतल्या नकाशावर न दिसणाऱ्या तीन रंगांच्या तीन रेघा दिसतील.

त्या तरुण अधिकाऱ्याची बदली झाली. त्याचं वाक्य माझ्याकडे राहिलं. तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या हातातल्या कागदावर खरोखरच खड्डा जप्त करता येत नव्हता. ट्रॅक्टर दंड भरून सुटला आणि खड्डा जुलैत बुजला, वरच्या गावाची रेती घेऊन.

यंदा मी पाइपाचा चौथा तुकडा आणून ठेवला आहे. पाच फुटांचा, निळा. अजून जोडलेला नाही. जोडावा लागला तर ती तारीख आणि ती लांबी मी आपल्याला पोस्टानं कळवीन. ती कुठल्या रकान्यात लिहायची, तो रकाना तेवढा तयार ठेवा.



आपला,
वैनगंगेकाठचा एक निवृत्त शिक्षक,
ता. मोहाडी, जि. भंडारा